मिकाडो

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा समोर पसरला, तर त्याच्या उत्तर भागात, पूर्णेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेली लोहमार्गाची एक रेघ दिसते. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके या रेघेवर मण्यांसारखी ओवलेली आहेत. मुंबईहून निघालेला हा मार्ग १८६७ साली नागपुरास पोचला. जलंबहून दक्षिणेकडे एक लहानसा फाटा फुटतो आणि सुमारे १३ किलोमीटर जाऊन खामगावास थांबतो. त्यापलीकडचा घाटमाथा मात्र लोहमार्गावाचूनच राहिला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाणा शहरात आजही आगगाडी जात नाही.

खामगावचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो उतारूंच्या सोयीसाठी नव्हे, कापसासाठी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचे मोल आले. खामगावच्या बाजारात बैलगाड्यांच्या रांगा लागू लागल्या. तो कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत न्यावयाचा, तर बैलांचे पाय पुरे पडणारे नव्हते. म्हणून रूळ आले, आणि रुळांमागून इंजिन आले. पुढची शंभराहून अधिक वर्षे या मुलखातील लोकांनी आपल्या दिवसाचे भाग इंजिनाच्या शिटीवरून पाडले. शेतातला गडी गाडीचा धूर पाहून न्याहारी सोडी, आणि सिग्नलचा हात पडला की फाटकाजवळचा गाडीवान मुकाट्याने बैल आवरी.

या मार्गावर निरनिराळ्या काळी निरनिराळ्या जातींची इंजिने धावली. त्यांतील शेवटचे आणि लोकांच्या स्मरणात सर्वांत खोल रुतून बसलेले इंजिन म्हणजे ‘डब्ल्यूजी’ जातीचे. नावात काही काव्य नाही. पहिले अक्षर रुंद मार्गाचे आणि दुसरे मालगाडीचे, एवढाच त्याचा अर्थ. स्वातंत्र्यानंतर भारतीय रेल्वेने मालवाहतुकीसाठी हे इंजिन पत्करले. १९५० ते १९७० या वीस वर्षांत या एकाच जातीची जवळजवळ २,४५० इंजिने तयार झाली. पश्चिम बंगालमधील चित्तरंजन येथे इंजिनांचा नवा कारखाना उभारण्यात आला. त्यातून बाहेर पडलेले पहिले इंजिन याच जातीचे होते. १ नोव्हेंबर १९५० रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते देशाच्या सेवेत रुजू झाले. चित्तरंजन दास यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘देशबंधू’ असे ठेवले होते.

इंजिनांची जात ओळखण्याची एक सोपी रीत आहे. ती अशी, की बाजूला उभे राहून चाके मोजावयाची. अगदी पुढे लहान चाकांची एक जोडी असते. ती वळणावर इंजिनाला वाट दाखविते. मध्ये मोठ्या चाकांच्या चार जोड्या असतात. वाफेचा जोर याच चाकांना मिळतो आणि इंजिनाचा बहुतेक भार त्यांच्यावर असल्यामुळे ती रुळाला घट्ट धरून राहतात. अखेरीस, चालकाच्या खोलीखाली, पुन्हा लहान चाकांची एक जोडी. दोन, आठ आणि दोन. जगभरचे इंजिनवाले या रचनेला एका विशेष नावाने ओळखतात. ते नाव इंग्रजी नाही, बंगाली नाही, हिंदीही नाही. ते आहे ‘मिकाडो’.

मिकाडो म्हणजे जपानचा सम्राट. शब्दाचा मूळ अर्थ ‘थोर द्वार’ असा होतो. थोरामोठ्यांचे नाव उच्चारू नये म्हणून आपल्याकडेही ‘वाड्यावरचे’ किंवा ‘घरचे’ अशी आडवाटेने बोलण्याची चाल होती, तसाच हा प्रकार. परंतु खामगावच्या कापसाच्या आणि शेगावच्या वारकऱ्यांच्या मुलखात धावणाऱ्या इंजिनाशी जपानच्या सम्राटाचा काय संबंध? हा संबंध जडला तो कोळशामुळे, आणि तोही वाईट कोळशामुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये निप्पोन रेल्वे नावाची एक खाजगी कंपनी होती. तिला जोबान भागातील खाणींचा कोळसा जवळ पडे. तो स्वस्तही होता, परंतु हलक्या प्रतीचा होता. चांगला कोळसा थोडा जाळला तरी पुष्कळ उष्णता देतो. हलका कोळसा पुष्कळ जाळावा लागतो. पुष्कळ जाळावयाचा, तर भट्टी ऐसपैस हवी. पण इंजिनाची भट्टी मोठ्या चाकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसविलेली असे. ती रुंद करावी तरी कशी? कंपनीने अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या बाल्डविन कारखान्याकडे इंजिनांची मागणी नोंदविली. तेथील कारागिरांनी भट्टी सरळ मोठ्या चाकांच्या मागे नेऊन ठेवली आणि तिचा भार पेलण्यासाठी खाली लहान चाकांची एक जोडी घातली. १८९७ साली ही इंजिने जपानला रवाना झाली. १८८५ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या ‘मिकाडो’ या विनोदी संगीत नाटकामुळे तो शब्द त्या दिवसांत पाश्चात्त्यांच्या तोंडी खेळत होता. जपानसाठी बनलेल्या इंजिनाला तो चिकटला आणि मग सुटलाच नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपान आणि अमेरिका एकमेकांचे शत्रू झाले, तेव्हा काही अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी आपल्या मिकाडो इंजिनांना सेनापती मॅकार्थरचे नाव देऊन पाहिले. देशाभिमानाचा हा अतिरेक हास्यास्पदच म्हटला पाहिजे. युद्ध संपले, आणि बहुतेकांच्या तोंडी जुने नावच टिकून राहिले.

भारतातील कोळशातही राखेचे प्रमाण मोठे असते. म्हणून आपल्याकडच्या इंजिनांनाही ऐसपैस भट्टी लागली आणि ती पेलणारी मागची चाकेही लागली. जोबानच्या खाणीने जो प्रश्न घातला, तोच झरियाच्या खाणीने घातला, आणि दोघांना उत्तरही एकच मिळाले.

जपानने स्वतः घडविलेल्या मिकाडोंमध्ये सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे ‘डी ५१’. जपानी लोक तिला लाडाने ‘देगोइची’ म्हणतात. ‘डी’ हे अक्षर मोठ्या चाकांच्या चार जोड्या दर्शविते, ‘गो’ म्हणजे पाच आणि ‘इची’ म्हणजे एक. १९३६ पासून १९४५ पर्यंत या जातीची १,११५ इंजिने जपानच्या सरकारी रेल्वेसाठी तयार झाली. एवढ्या मोठ्या संख्येने एकाच जातीची इंजिने त्या देशात दुसरी झाली नाहीत. जपानचे रूळ अरुंद, दोन रुळांमधील अंतर १,०६७ मिलिमीटर. आपल्या रुंद मार्गाचे १,६७६. त्यामुळे डब्ल्यूजीपुढे देगोइची धाकट्या भावासारखी दिसते. पण दोघांच्या अंगात रग सारखीच. दोघांच्याही बॉयलरमध्ये दर चौरस सेंटिमीटरवर १४ किलोग्रॅमच्या आसपास वाफेचा दाब असे.

देगोइचीचा आराखडा हिदेओ शिमा या अभियंत्याने केला. याच शिमांनी पुढे जपानच्या सुप्रसिद्ध अतिवेगवान विद्युत गाडीची, शिंकान्सेनची, योजना आखली. ती गाडी १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. तोपर्यंत वाढलेल्या खर्चाच्या वादात शिमांना १९६३ साली पद सोडावे लागले होते, आणि उद्घाटनाच्या समारंभास त्यांना बोलावण्यातही आले नाही. वाफेच्या इंजिनाचा निर्माता आणि त्याला निवृत्त करणाऱ्या गाडीचा जनक एकच असावा, हा योग विलक्षण खरा. पण त्यात काही विसंगती नाही. ज्याने वाफ ओळखली होती, त्याला तिच्या मर्यादाही ठाऊक होत्या.

त्या मर्यादा मोठ्या होत्या. भट्टीत घातलेल्या कोळशाची जी उष्णता असते, तिचा दहावा हिस्साही चाकांपर्यंत पोचत नसे. उरलेली सारी उष्णता धुराड्यातून, राखेतून आणि लोखंडाच्या तापलेल्या अंगातून वाऱ्यावर जाई. आणि थोडीफार इंजिनावरच्या माणसांच्या अंगावर येई.

भुसावळ ते अकोला हे अंतर सुमारे १४० किलोमीटर. वैशाखात या पट्ट्यात पारा कधी कधी ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी डब्ल्यूजीच्या खोलीत ड्रायव्हर आणि त्याचे दोन फायरमन उभे असत. समोर भट्टीचे तोंड. ते उघडले की पांढऱ्या आगीचा झोत छातीवर येई आणि मिटले की तेवढ्यापुरते उन्हाळ्याचे ऊनही गार वाटे. एक फायरमन मागच्या टेंडरमधील कोळशाचे मोठे डिखळे फोडून पुढे ओढी. दुसरा ते फावड्याने भट्टीत टाकी. टाकणे हा शब्द येथे अपुरा आहे. भट्टी एखाद्या लहान खोलीएवढी. तिच्या मागच्या कोपऱ्यांत थर जाड ठेवावयाचा, मध्ये पातळ, पुढच्या भिंतीपाशी आणखी पातळ; कोठे खळगा पडला तर तेथून थंड वारा वर घुसून वाफ उतरे, कोठे ढीग झाला तर कोळसा अर्धवट जळून धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघे. राखेचे वितळलेले खडे जाळीला चिकटून बसत, ते लांब सळईने फोडून काढावे लागत. आणि हे सारे चालत्या, हिसके देणाऱ्या, डुलणाऱ्या पायाखालच्या पत्र्यावर उभे राहून करावयाचे. निवांत उभे राहून फावडे मारणारा मनुष्य आणि फायरमन यांत विहिरीवर पोहणारा आणि पुरात पोहणारा यांच्याइतके अंतर होते.

आगीइतकीच नजर पाण्यावर ठेवावी लागे. बॉयलरमधील पाण्याची पातळी काचेच्या एका नळीत दिसे. टेंडरच्या टाकीतले पाणी वाफेच्याच जोराने बॉयलरमध्ये ढकलणारे एक यंत्र होते. ते वेळच्या वेळी चालवावयाचे. जास्त पाणी घेतले तर वाफ मंदावे, कमी घेतले तर भट्टीचा माथा उघडा पडे. माथा उघडा पडणे म्हणजे साक्षात संकट. त्यावर उपाय म्हणून माथ्यात शिशाची एक डाट बसविलेली असे. पाणी फार खाली गेले की शिसे वितळे आणि वरची वाफ आगीत घुसून इशारा देई. ज्याच्या हातून डाट वितळली, त्या ड्रायव्हरची आणि फायरमनची मान शेडमध्ये कित्येक दिवस वर होत नसे.

हे ज्ञान पुस्तकांतून येत नसे. पोरसवदा वयात इंजिन पुसणारा म्हणून शेडमध्ये शिरावयाचे, तेलाच्या आणि काजळीच्या वासात वर्षे काढावयाची, मग दुसरा फायरमन, मग पहिला फायरमन, आणि नशीब व परीक्षा या दोहोंनी साथ दिली तर केस पांढरे होऊ लागताना ड्रायव्हर. प्रत्येक इंजिनाची खोड वेगळी. एकाच आराखड्यावरून, एकाच कारखान्यात बनलेली दोन इंजिने एकसारखी वागत नसत. एक चढावर रुसे, दुसरे थंडीत. जाणता ड्रायव्हर धुराड्याच्या आवाजावरून सांगे की कोणत्या बाजूचा दट्ट्या कुरकुरतो आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात असे कान शेकड्यांनी होते.

चित्तरंजनच्या कारखान्याने १९७० साली रुंद मार्गाचे आपले शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर काढले. तेही डब्ल्यूजी जातीचेच. त्याला नाव देण्यात आले ‘अंतिम सितारा’. त्यानंतर डिझेलची आणि विजेची इंजिने मुख्य मार्गांवर पसरत गेली. डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबातील फिरोजपूर आणि जालंदर यांच्या दरम्यान रुंद मार्गावरील वाफेची शेवटची नेहमीची गाडी धावली. काम संपलेली डब्ल्यूजी इंजिने रांगांनी आडरुळांवर उभी राहिली आणि तेथून भंगाराच्या लिलावात गेली. लोखंड म्हणून त्यांना किंमत होती. जवळजवळ अडीच हजारांच्या त्या सैन्यापैकी मोजकीच इंजिने स्थानकांसमोरील किंवा संग्रहालयांतील चौथऱ्यांवर चढली.

जपानमध्ये हाच शेवट वीस वर्षे आधी आला. १४ डिसेंबर १९७५ रोजी होक्काइदो बेटावर वाफेच्या इंजिनाने उतारूंची शेवटची नेहमीची गाडी ओढली, आणि दहा दिवसांनी, २४ डिसेंबरला, शेवटची मालगाडी निघाली. ही मालगाडी ओढण्याचा मान देगोइचीच्या २४१ क्रमांकाच्या इंजिनाला मिळाला. स्थानकांवर लोकांची गर्दी लोटली. हे इंजिन कायमचे जतन केले जाणार, असेच कोणासही वाटले असते. पण पुढच्याच एप्रिलमध्ये ओइवाके येथील शेडला आग लागली आणि त्या आगीत २४१ क्रमांक इतर काही इंजिनांसह जळून निकामी झाला. जन्मभर पोटात आग बाळगणाऱ्या यंत्राचा अंत बाहेरच्या आगीने व्हावा, यावर काय बोलावे!

तरीही देगोइची नामशेष झाली नाही. जपानी रेल्वेने आपली निवृत्त इंजिने गावोगावच्या नगरपालिकांना व शाळांना भाडे न घेता सांभाळावयास दिली. आजही तेथील बागांतून, शाळांच्या आवारांतून, स्थानकांसमोर देगोइची उभ्या दिसतात. त्यांची संख्या शंभराच्या वर आहे. प्रारंभी त्यांच्याभोवती मुलांची झुंबड उडे. मग मुले मोठी झाली, गावे ओसरली, आणि इंजिनांवर पाऊस पडत राहिला. जपानचा पाऊस आणि समुद्राचा खारा वारा लोखंडाचा वैरी आहे. पत्रे गंजले, पितळी पाट्या चोरीस गेल्या, चालकाच्या खोलीतल्या लाकडी फळ्या कुजल्या. त्यातच बॉयलरभोवतीच्या आवरणातील ॲस्बेस्टॉस आरोग्यास घातक असल्याचे कळून आले. काही नगरपालिकांनी खर्चाला भिऊन इंजिने मोडून टाकली. जेथे ती चांगली राहिली, तेथे बहुधा एक गोष्ट सारखी आढळते: रेल्वेतून निवृत्त झालेली चार वृद्ध माणसे ठरलेल्या दिवशी येतात, तेलाचे बोळे घेऊन दांडे पुसतात, गंज खरवडतात, काळा रंग देतात आणि डबा खाऊन घरी जातात. त्यांना कोणी वेतन देत नाही.

उभ्या इंजिनाला पुन्हा प्राण देता येतो का? देता येतो, पण तो प्रकार मृताला उठविण्याइतकाच अवघड आहे. गुन्मा प्रांतातील गोकान स्थानकासमोर ४९८ क्रमांकाची देगोइची १९७२ पासून अशीच उभी होती. तिला कारखान्यात नेऊन सुट्टी केली. बॉयलरच्या नळ्या बदलल्या, झिजलेले भाग नव्याने घडविले, आणि १९८८ च्या डिसेंबरात तिने पुन्हा गाडी ओढली. त्या दिवशी तिच्यामागे युरोपातून आलेल्या ‘ओरिएंट एक्सप्रेस’चे आलिशान डबे जोडले होते. कधीकाळी कोळशाची वाघिणी ओढणाऱ्या या कामकरी इंजिनाला एवढा थाट त्यापूर्वी कधी लाभला नव्हता.

यापेक्षाही लक्षात राहण्याजोगी गोष्ट जपानच्या अगदी पहिल्या इंजिनाची आहे. जपानमधील आगगाडी १८७२ साली तोकियोतील शिंबाशी आणि योकोहामा यांच्या दरम्यान सुरू झाली. तिच्यासाठी आलेले एक क्रमांकाचे इंजिन इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्री या कारखान्याने घडविलेले होते. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, १९११ साली, सरकारने ते क्यूशू बेटावरील एका लहान खाजगी रेल्वेला विकले. पुढे चूक ध्यानात आल्यावर ते परत मागितले. १९३० साली त्या रेल्वेने ते परत केले, आणि निरोप देताना कंपनीच्या अध्यक्षांनी इंजिनावर एक पाटी बसविली. वियोगाचे दुःख शब्दांत मावत नाही, अशा अर्थाची पाच चिनी अक्षरे तीवर आहेत. ते इंजिन आज तोकियोजवळच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि पाटीही तशीच आहे.

आता योग पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली भारतातील पहिली उतारूगाडी ज्या इंजिनांनी ओढली, तीही याच व्हल्कन फाउंड्रीतून आली होती. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्यांची नावे आजही मुलांना पाठ असतात. पण इंजिने नाहीत. तिघांपैकी एकही कोणत्या संग्रहालयात पाहावयास मिळत नाही. नावे जतन करण्यास खर्च येत नाही, म्हणून ती उरली.

आपल्याकडे जतनाचे काम झालेच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडले. ‘फेअरी क्वीन’ हे १८५५ सालचे इंजिन दुरुस्त करून १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर आणण्यात आले, तेव्हा ते जगातील सर्वांत जुने चालते इंजिन म्हणून नोंदले गेले. हरियाणातील रेवाडीची १८९३ सालची इंजिनशेड पाडून न टाकता तिचे रूपांतर वाफेच्या इंजिनांच्या संग्रहालयात करण्यात आले, आणि तेथे काही इंजिने चालू स्थितीत राखली आहेत. परंतु रेवाडी येथून फार दूर. खामगाव-जलंबच्या मुलाने धुराचा तो लोट, जमीन हादरविणारा तो श्वास कोठे पाहावा?

येथे कोणी विचारील की हे पाहावयाचे तरी कशाला? विजेचे इंजिन अधिक ओझे ओढते, धूर करीत नाही आणि कोणाचीही छाती भाजीत नाही. ही गोष्ट खरी आहे. भट्टीसमोर ज्यांनी तारुण्य घालविले, त्यांतील बहुतेकांनी आपल्या मुलाच्या हाती ते फावडे येऊ नये अशीच इच्छा केली असेल, आणि त्यांच्या इच्छेचा मान राखलाच पाहिजे. वाफेचे युग परत यावे असे म्हणणारा मनुष्य बहुधा दुरून पाहणारा असतो.

पण चौथऱ्यावरचे थंड इंजिन पाहून काय कळते याचाही विचार करावा. त्याचा आकार कळतो, वजन कळते, फार तर चाके मोजता येतात. भट्टीचे तोंड गंजून बंद झालेले असते आणि मुले त्यावर नावे खरडतात. ज्या कारणासाठी भट्टी एवढी रुंद केली, ज्या कारणासाठी मागची दोन चाके आली आणि एका सम्राटाचे नाव आले, ते कारण म्हणजे आग. आणि ती तेथे नसते. पाणी तापून वाफ होताना सोळाशे पटींहून अधिक फुगते, हे पुस्तकात लिहिलेले असते. ती वाफ कोंडली की काय होते, हे मात्र सुरक्षा-झडप फुत्कारते तेव्हाच अंगावर शहारा येऊन कळते.

आणि आग ठेवावयाची, तर आग राखणारा मनुष्यही ठेवावा लागतो. जतनाच्या कामातील खरी अडचण हीच आहे. लोखंड रंगवून पन्नास वर्षे टिकविता येते. फायरमनच्या मनगटातील बेत तसा टिकत नाही. थंड बॉयलरमध्ये प्रथम बारीकसा विस्तव करून तो कित्येक तास हळूहळू वाढवावा लागतो, नाही तर लोखंडाचे भाग कमीअधिक फुगून सांधे सुटतात. हे घाई न करणे सुद्धा शिकावे लागते. भुसावळच्या शेडमध्ये ते शिकलेली पिढी आता हयात असली तर ऐंशीच्या घरात आहे. पूर्णेच्या काठच्या गावांतून अशा वृद्धांपाशी बसणाऱ्या नातवंडांना अजून थोडे ऐकता येईल. डाट वितळणे म्हणजे काय, रात्री भट्टी उघडली की रुळालगतची बाभळीची झाडे कशी तांबूस होऊन जात, आणि चढावर चाके जागच्या जागी फिरू लागली की रुळावर वाळू कशी सोडीत.

जपानने ही अडचण वेळीच ओळखली. क्योतो शहरात उमेकोजी येथे १९१४ साली बांधलेली अर्धवर्तुळाकार इंजिनशेड आहे. मध्ये फिरते चक्र आणि त्याच्याभोवती पंख्यासारखे पसरलेले वीस रूळ. जपानी रेल्वेला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९७२ साली, तिचे संग्रहालय केले. आणि ठरविले, की येथील काही इंजिने जिवंत ठेवावयाची. देगोइचीचे एक क्रमांकाचे इंजिन तेथे उभे आहे, आणि २०० क्रमांकाचे इंजिन चालते आहे. मोठी दुरुस्ती होऊन २०१७ साली ते मुख्य मार्गावरही गाडी ओढू लागले.

वाफेच्या काळात जपानी रेल्वेत नव्या उमेदवाराला एकदम इंजिनावर चढवीत नसत. शेडच्या एका कोपऱ्यात भट्टीच्या आकाराची एक नकली पेटी मांडलेली असे. तिच्यात आग नसे. उमेदवाराने फावडे घेऊन तिच्यापुढे उभे राहावयाचे आणि ठरलेल्या वेळात ठरलेल्या संख्येने कोळसा आत टाकावयाचा. मागे जाड, मध्ये पातळ, पुढे त्याहून पातळ. वेळ संपली की परीक्षक वाकून आत पाहत आणि थराचा उतार तपासून गुण देत. मग तो सारा कोळसा बाहेर काढावयाचा आणि पुन्हा पहिल्यापासून टाकावयास लागावयाचे.